शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिता?

वाचकाचं पत्र, ओळख पुसून आणि थोडक्यात:

पत्रलेखक ४२ वर्षांचे आहेत. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मर कारखान्याची खरेदी सांभाळतात. बी.कॉम. करता करता स्टोअरमध्ये लागले, बिन कार्ड म्हणजे साठ्याच्या नोंदी लिहिल्या, गेटवर मटेरियल मोजून घेतलं आणि आठ वर्षांनी खरेदीच्या टेबलावर आले. चार वर्षांपूर्वी त्यांनी ब्रिटनच्या ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युअरमेंट अँड सप्लाय’ म्हणजे सीआयपीएसचा अभ्यास सुरू केला. चौथ्या लेव्हलच्या डिप्लोमाचे आठही विषय पहिल्या फटक्यात निघाले. आता पाचव्या लेव्हलचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा चालू आहे. पर्याय निवडायचे पेपर सुटले. ‘ॲडव्हान्स्ड कॉन्ट्रॅक्ट अँड फायनान्शियल मॅनेजमेंट’ हा टाइप करून सविस्तर उत्तरं लिहायचा पेपर मात्र दोनदा गेला, दोन्ही वेळा थोडक्यात.

ते लिहितात, ‘पुस्तक तीनदा वाचून झालं, व्याख्या पाठ आहेत. पहाटे साडेचारला उठतो, मेट्रोत वाचतो. मुलगी दहावीला आहे, ती घड्याळ लावून माझा सराव घेते. म्हणते, बाबा, तुम्ही विचारलेलं लिहीत नाही, येतं ते सगळं लिहिता. पण तिला या विषयातलं काय कळणार?’

ऑफिसात कोणालाच माहीत नाही. मालकांच्या मते खरेदी म्हणजे ‘दोन पैसे कमी करून आणणं’, त्याला शिक्षण कशाला लागतं. मागच्या वर्षी पुण्याहून २९ वर्षांचा एक एमबीए मुलगा ‘सप्लाय चेन हेड’ म्हणून वर येऊन बसला. मेव्हणा चारचौघांत म्हणतो, ‘परचेसवाल्याले पगाराची काय गरज आहे बाप्पा!’ दुसऱ्या खेपेची फी बायकोच्या भिशीतून भरली, आणि तो पेपर गेल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.

विचारतात, तिसऱ्यांदा बसू? हे सोडून दुसरा एखादा कोर्स धरू? आणि या वयात त्या कागदाचा उपयोग तरी काय?

उत्तर:

तुमच्या मुलीला खरेदीतलं काही कळत नाही, हे बरोबर आहे. तिला तुमचं उत्तर कळलं नाही, एवढंच तिने सांगितलं. परीक्षकही तेच सांगतोय, फक्त गुणांच्या भाषेत. चार पानी पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे आणि नेमकी तीच तुम्ही बाजूला सारलीत. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

मी एका सरकारी उपक्रमात भांडार आणि खरेदी विभागात तीस वर्षं काढली. पहिल्याच वर्षी वेल्डिंग रॉडच्या खरेदीचं टिपण लिहिलं होतं. तीन निविदा, तिघांचे दर, सगळ्यात कमी दर अमुक, मंजुरीसाठी सादर. साहेबांकडून फाईल परत आली. समासात हिरव्या शाईने एकच शब्द, ‘का?’ मला कळेना. सगळ्यात स्वस्त आहे म्हणून, आणखी काय? तसंच लिहून पुन्हा पाठवली. पुन्हा ‘का?’ शेवटी वैतागून स्टोअरमध्ये गेले. मागच्या पावसाळ्यात कुठल्या कंपनीचे रॉड ओल धरून फेकावे लागले, पाकिटावर वापरण्याची मुदत कशी असते, वेल्डर कुठल्या रॉडला शिव्या घालतात, हे सगळं विचारत बसले. तेव्हा उमगलं की निविदा तीन आल्या होत्या, पण घेण्यालायक एकच होती. तिसरं टिपण पाऊण पानाचं झालं. त्यावर सही झाली.

हे सांगण्याचं कारण असं. तुमच्या तुलनात्मक तक्त्याचा, म्हणजे तुम्ही ज्याला सीएस म्हणता त्याचा, शेवटचा रकाना ‘रिमार्क’चा असतो. मी पैज लावते, त्यात ‘एल-वन’ (म्हणजे सगळ्यात कमी दर), ‘ओके’ किंवा ‘ॲज पर डिस्कशन’ याखेरीज काही नसतं. निर्णय तुम्ही चांगले घेता, ते पत्रातच दिसतंय. पण ‘का’ घेतला ते कुठेच लिहीत नाही. मला वाटतं तुमची परीक्षा, तुमचे मालक आणि तुमचा मेव्हणा ही तीन वेगळी दुखणी नाहीत. ते एकच दुखणं आहे आणि ते त्या रिकाम्या रकान्यात आहे.

आधी परीक्षा. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या खेपेला कच्च्या मालाच्या भावातल्या चढउतारावर प्रश्न होता, आणि तुम्ही फॉरवर्ड, फ्युचर, ऑप्शन, स्वॅप या भाव आधीच बांधून घेण्याच्या सगळ्या साधनांच्या व्याख्या, फायदे-तोटे ओळीने लिहिले. पुढच्याच पानावर मालकांची तक्रार करताना सहज लिहून गेलात: त्याच महिन्यात तांबं चढत होतं, मालक म्हणत होते सगळं आजच उचला, तुम्ही निम्मं उचललं आणि निम्मं थांबवलं, कारण निम्म्या ट्रान्सफॉर्मरची डिलिव्हरी ग्राहकाने पुढे ढकलली होती आणि त्या ऑर्डरला भावफरकाचं कलम होतं. अहो, उत्तर ते होतं! तुम्ही ते डब्यासारखं गेटवर ठेवून परीक्षेला गेलात.

जरा उलगडून बघा. आयईईएमए ही विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना दर महिन्याला तांबं, कोअरचं पोलाद, ट्रान्सफॉर्मर ऑइल यांचे भाव जाहीर करते आणि भावफरकाचं कलम असेल तर त्यानुसार तुमची विक्रीची किंमतही हलते. म्हणजे त्या ऑर्डरपुरतं तांबं चढण्याचं ओझं बरंचसं ग्राहकाकडे जातं; घाईने साठा करण्यात अर्थ नाही. पक्क्या दराच्या ऑर्डरचं ओझं मात्र कंपनीच्या डोक्यावर, तिथे आज उचललेलं बरं. आता उचलायचं तर पैसा अडकतो. समजा दहा लाखांचं तांबं तीन महिने आधी घेतलं आणि बँकेचं व्याज १२ टक्के आहे, तर ३०,००० रुपये गेले. भाव तीन टक्क्यांहून जास्त चढला तरच तो साठा शहाणपणाचा. बरं, एक्स्चेंजवर भाव बांधून घेऊ म्हटलं तर एमसीएक्सवर, म्हणजे वस्तूंच्या वायदेबाजारात, तांब्याचा एक लॉट २,५०० किलोंचा असतो. महिन्याची गरज दोन टनांची असेल तर सौदाच गरजेपेक्षा मोठा. वर मार्जिन म्हणजे अनामत भरा, रोजचा हिशोब बघा, आणि त्यासाठी कारखान्यात माणूस कोण? साधन चांगलंच आहे, पण तुमच्या अंगाला ढगळ होतं. ते ढगळ का होतं हे सहा ओळींत लिहिलं असतं, तर व्याख्या अर्ध्या गाळल्या तरी चाललं असतं.

चौथ्या लेव्हलचे लेखी पेपर निघाले आणि हाच का अडला, याचंही उत्तर इथेच आहे. खालच्या पायरीवर बहुतेक प्रश्न ‘वर्णन करा’, ‘समजावून सांगा’ असे असतात. तिथे पाठांतर बऱ्यापैकी तारून नेतं. वर चढलात की क्रियापद बदलतं. ‘इव्हॅल्युएट’ म्हणजे तोला. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय टाकलं ते दाखवा आणि काटा कुठे झुकला ते सांगा. तुम्ही मालाची यादी देऊन परत येताय. प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा त्यातलं क्रियापद वेगळं काढा, मगच पुढे.

याच पेपरात पुरवठादाराची आर्थिक तब्येत ओळखण्याचा भाग आहे. करंट रेशो, चालू मालमत्ता भागिले चालू देणी, वगैरे. हे तुम्हाला कोरडं वाटतं, असं लिहिलंय. वाटणारच, कारण हिंगण्यातले तुमचे टाकी बनवणारे, गॅस्केट कापणारे बहुतेक मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढ्या आहेत. त्यांचे ताळेबंद कंपनी खात्याच्या पोर्टलवर सापडत नाहीत, आणि कंपनीचा सापडला तरी तो शिळा असतो. पण पार्टी बसायला लागलीय हे तुम्हाला त्याआधीच कळतं ना? कधी नव्हे ते ॲडव्हान्स मागते. ४५ दिवसांचं क्रेडिट एकदम १५ दिवसांवर आणते. माल तुकड्या-तुकड्यांनी पाठवते. जीएसटीचं रिटर्न वेळेवर जात नाही, आणि ते तर नंबर टाकून पोर्टलवर कोणालाही बघता येतं. रेशो काय सांगतो, किती उशिरा सांगतो आणि तो हाताशी नसेल तर मी कशावरून ओळखतो, अशा क्रमाने लिहा. ज्याने पुस्तकच वाचलंय त्याला हे लिहिता यायचं नाही.

मात्र भरकटू नका. उत्तरपत्रिकेत आत्मचरित्र लिहायचं नाही. प्रश्नात एखादी कंपनी दिली असेल तर तिच्याच अडचणी सोडवायच्या, तुमचा अनुभव दोन ओळींचा दाखला म्हणून आला तर पुरे. आणि आपल्या कंपनीचे दर, पार्ट्यांची नावं तिथे लिहिणं योग्य नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

इंग्रजी कच्चं असल्याचं तुम्ही तीनदा लिहिलंय. पीओच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या, अटी कोण लिहितं हो? ‘रिजेक्टेड मटेरियल सात दिवसांत स्वखर्चाने उचलावं’ हे इंग्रजीत ज्याला लिहिता येतं त्याचं इंग्रजी या परीक्षेला पुरतं. वाक्यं छोटी ठेवा. टायपिंगचा वेग मात्र खरंच वाढवा. दोन बोटांनी तीन तास टाइप करणाऱ्या माणसाचं शेवटचं उत्तर अर्धवट राहतं, त्यात व्याकरणाचा काही दोष नाही.

आता मेव्हण्याकडे वळते, कारण पत्रात तो एकाच ओळीत असला तरी मला तो सगळीकडे दिसला. खरेदीतल्या माणसाकडे लोक कसे बघतात हे मला नका सांगू. दिवाळीत आमच्या विभागात सोनपापडीचे डबे यायचे, आम्ही ते गेटवरूनच परत पाठवायचो, आणि तरी कँटीनमध्ये चर्चा असायची की मोठे डबे घरी पोचत असणार. तुम्ही कुठेही थेट म्हटलेलं नाही, पण नावापुढे त्या पाच इंग्रजी अक्षरांची शेपटी लागली की हे बोलणं थांबेल, अशी एक आशा मला ओळींमधून वाचता आली. माझा अंदाज चुकत असेल तर सोडून द्या. चुकत नसेल तर ऐका: मेव्हण्याला एमसीआयपीएस, म्हणजे सीआयपीएसचं सभासदत्व, काय असतं ते माहीत नाही आणि सांगितलं तरी तो उद्या दुसरा विनोद करेल. त्याच्यासाठी शिकू नका. पण कारखान्यात उद्या कोणी विचारलं की गॅस्केट त्या महागड्या पार्टीकडूनच का घेता, तर उत्तर तुमच्या डोक्यात असून चालणार नाही, ते कागदावर हवं. तुम्ही रजेवर असताना मालकाने फाईल उघडली तरी त्याला कळलं पाहिजे.

गॅस्केट मी मुद्दाम घेतलंय. रकमेच्या हिशोबात ते ‘सी’ गटात, दुर्लक्ष करण्यासारखं. पण निकृष्ट गॅस्केटने टाकी गळली तर भरलेलं तेल, रंगवलेली बॉडी, ठरलेली तपासणी सगळं खोळंबतं. १९८३ मध्ये पीटर क्राल्जिकने पुरवठ्यातली जोखीम आणि नफ्यावरचा परिणाम यांवरून वस्तू विभागणारी जी चार चौकटींची मांडणी केली, जी तुम्हाला झोपेतही येत असेल, तिच्यात तांबं कुठे, कोअरचं पोलाद कुठे, नट-बोल्ट कुठे आणि हे गॅस्केट कुठे, असं तुमच्या स्वतःच्या शंभर आयटमचं कधी मांडून पाहिलंत? कोअरचं पोलाद बनवणारे जगात मोजके, तिथे घासाघीस करून हात दुखतील. तिथे कामाला येतं ते आगाऊ नियोजन आणि नातं. नट-बोल्टला इतवारीच्या बाजारात दहा दुकानं पालथी घालण्यात तुमचा अर्धा दिवस जातो, तो दिवस नट-बोल्टांहून महाग आहे. तिथे वर्षाचा रेट ठरवून मोकळं व्हावं. ‘दोन पैसे कमी करून आणणं’ ही व्याख्या या चारपैकी फार तर दीड चौकटीला लागू पडते. मालकांना हे कोणी सांगितलंय का? तुम्ही तर नाही सांगितलं, कारण तुम्ही शिकताय हेच त्यांना माहीत नाही.

हे लपवणं मला खटकलं. लपवण्याची कारणं तुम्ही दोन देता: हसतील, आणि नोकरी सोडायच्या तयारीत आहे असं वाटेल. दोन्ही शक्य आहे. म्हणून ‘मी कोर्स करतोय’ अशी घोषणा करू नका. आधी एक कागद ठेवा. विषयही मी सुचवते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरल्या मुदतीत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. सगळे ज्याला ‘४३बी एच’ म्हणतात ती तरतूद, २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू झालेली. अकाउंट्सला आकडे माहीत असतात, पण कोणती पार्टी उद्यम नोंदणीची (म्हणजे सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून नोंदलेली), कोणती नुसती ट्रेडर, कोणाचं बिल रिजेक्शनच्या वादात थांबलंय, हे तुम्हाला माहीत असतं. एका पानावर मांडा: या पार्ट्या, इतके दिवस, मार्चअखेर इतकी रक्कम लटकण्याची शक्यता, आणि माझी शिफारस ही. मालक विचारतीलच, हे कुठून शिकलात? तेव्हा सांगा.

आणि तो पुण्याचा मुलगा. त्याच्या डिग्रीमुळे तो वर बसला, हे तुम्ही धरूनच चाललाय. असेलही. पण मला शंका अशी येते की त्याने मुलाखतीत मालकांना कळेल अशा चार चित्रांत त्यांचाच कारखाना दाखवला असेल, आणि तुम्ही चौदा-पंधरा वर्षं त्यांच्यासमोर फक्त दर ठेवलेत. त्याला तांब्याची तार आणि पट्टी यांतला फरक तुम्ही शिकवलात असं लिहिता; मग त्याच्याकडून मांडणी शिकण्यात कमीपणा कसला? तुमचं एखादं सराव-उत्तर त्याला वाचायला द्या. या मुलांना हे ‘तोला’ प्रकरण दोन वर्षं घोटून घेतलेलं असतं.

तर बसायचं का? माझं मत: बसा, पण येत्या सत्राला नको. एक सत्र सोडून पुढच्याला. मधल्या महिन्यांत पुस्तक चौथ्यांदा उघडायचं नाही, फक्त अडलं तर बघायला. आठवड्याला दोन उत्तरं, वेळ लावून, टाइप करून. तीन आठवड्यांतून एका रविवारी पूर्ण तीन तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत. प्रजापती नगर ते लोकमान्य नगर या मेट्रोच्या प्रवासात वाचू नका. सकाळी जाताना एक प्रश्न डोक्यात घ्या आणि उतरेपर्यंत मनातल्या मनात उत्तराचा सांगाडा उभा करा. सीताबर्डीच्या गर्दीत तसंही पुस्तक धरता येत नाही. पहाटे साडेचारचं मी सोडून देईन. मे महिन्यात रात्रभर कूलरची घरघर ऐकून साडेचारला उठलेला माणूस वाचतो, विचार करत नाही.

त्या खेपेलाही पेपर गेला तर? मग पाचव्या लेव्हलवर थांबा, असं मी स्पष्टच सांगते. चौथीचा डिप्लोमा हातात आहे, तो कुठे जात नाही. या अभ्यासात थांबून राहणंही फुकट नसतं: सभासदत्वाची फी दर वर्षी, प्रत्येक पेपरची वेगळी, आणि हिशोब पौंडात. निघाला तर उरलेले विषय संपवा. सहाव्या लेव्हलचा निर्णय आज घेऊ नका.

उपयोगाचं विचारलंत. सीआयपीएस ही संस्था १९३२ पासूनची, १९९२ मध्ये तिला राजसनद मिळाली. सहावी लेव्हल आणि जबाबदारीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव झाला की एमसीआयपीएस लावता येतं. आखाती देशांत, ब्रिटनमध्ये, आफ्रिकेतल्या मोठ्या प्रकल्पांत ते विचारलं जातं, इथल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांतही ओळखतात. हिंगणा-बुटीबोरीच्या छोट्या कारखान्यात एचआरला त्याचा अर्थ तुम्हालाच सांगावा लागेल. मुलीची दहावी, मग बारावी; तोवर तुम्हाला नागपूर सोडायचं आहे का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. घरी हे बोलणं झालेलं दिसत नाही आणि सहाव्या लेव्हलचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे, परीक्षेवर कमी.

अशाच आशयाची आणखी पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच चार शब्द. ज्यांना देशातच राहायचं आहे आणि खिसा बेताचा आहे त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे, म्हणजे आयआयएमएमचे पदविका अभ्यासक्रम बघावेत. मुख्यालय नवी मुंबईत, शाखा नागपुरातही आहे, आणि वर्गापेक्षा तिथे भेटणारी माणसं जास्त उपयोगी पडतात. अमेरिकन कंपनीत असाल तर आयएसएम (इन्स्टिट्यूट फॉर सप्लाय मॅनेजमेंट) या तिथल्या संस्थेचं सीपीएसएम हे प्रमाणपत्र तीन परीक्षांचं आहे, पदवी असेल तर तीन वर्षांचा अनुभव मागतं. वेकोलि, मॉइल यांसारख्या सरकारी खाण कंपन्या किंवा सरकारी खात्यांच्या खरेदीशी रोजचा संबंध असेल, मग तुम्ही टेबलाच्या अलीकडे असा की पलीकडे, तर २०१७ चे जनरल फायनान्शियल रूल्स आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल हे आधी येऊ द्या. त्यासाठी फी पडत नाही, चिकाटी लागते. नियम वाचताना झोप येते, हे मी अनुभवाने सांगते. आणि ज्यांचं नुकतंच कॉलेज संपलंय त्यांनी एकदम वरच्या पायरीला हात घालू नये. वर्षभर स्टोअरमध्ये उभं राहून जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाच्या पावत्या करा. पुढे पुस्तकात ‘लीड टाइम’, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ, आलं की डोळ्यांसमोर काहीतरी यायला हवं.

पुन्हा तुमच्याकडे. बायकोला सांगा. भिशी तिची होती आणि पेपर गेला हे मुलीला माहीत असून तिला माहीत नाही, हे तिला उद्या कळलं तर पेपर गेल्याचं दुःख तिला होणार नाही, या लपवण्याचं होईल. या विषयावर यापेक्षा जास्त मी बोलत नाही.

मुलीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या काळात तिला घड्याळ घेऊन बसवू नका. तोवर एक करा. या रविवारी गॅस्केटच्या पार्टीवर एक पान लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल: पर्याय कोणते होते, कशाला किती वजन दिलं, हीच पार्टी का, आणि कोणती गोष्ट बदलली तर मी ही पार्टी बदलेन. तांब्याचं नंतर. ते पान तिला वाचायला द्या. गॅस्केट कशाला म्हणतात तेही तिला माहीत नसेल. त्यावर तिने समासात ‘का?’ लिहिलं, तर दुसरं पान घ्या.